काळी, पांढरी आणि परसांतील कोठा

तुरी निघाल्या, गव्हाची मळणी आटोपली, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यांतील कुणब्याच्या मनांत एक चिंता सुरू होते. कुटार कोठें ठेवावें? बंडी आणखी किती दिवस उघड्यावर राहूं द्यावी? मृगाचा पहिला पाऊस पडण्याच्या आंत बैलांच्या डोक्यावर छप्पर आलें पाहिजे. मग परसाच्या कोपऱ्यांत चार मेढी रोवल्या जातात, त्यांवर आडें चढतें, वासे पडतात, पऱ्हाटीच्या व तुरीच्या काड्यांचा कूड उभा राहतो, आणि वऱ्हाडांत ज्याला कोठा म्हणतात तो गुरांचा निवारा दोन-चार दिवसांत तयार होतो. शहरांतील गृहस्थाच्या परसांत ह्याच वास्तूला पत्र्याची शेड म्हणतात, व तींत बैलाऐवजीं लांकूडफाटा, सायकल किंवा अडगळ असते. एवढाच काय तो फरक.

इतक्या साध्या कामाला परवानगी कशाला, असें घरधनी विचारतो. परंतु गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत ह्या एका प्रश्नाला निरनिराळ्या कचेऱ्यांनीं निरनिराळीं उत्तरें दिलीं आहेत. महसूल खातें पाहतें तें जमीन कोणत्या कामासाठीं दिलेली आहे तें. नगरपालिका पाहते ती आग, सांडपाणी आणि शेजारी. जंगलखात्याला कोठ्याशीं कर्तव्य नसतें. त्याची मेढ कोठून तोडली आणि गवत कोठून कापलें, एवढेंच तें विचारतें. यवतमाळसारख्या जिल्ह्यांत हा तिसरा प्रश्न लोकांना सर्वांत महाग पडला. त्यापायीं माणसें तुरुंगांत गेलीं.

पण आरंभ ह्या कचेऱ्यांच्याही आधीं झालेला आहे. अमुक जागीं घर, अमुक जागीं कारखाना, अमुक जागीं शेत अशी जी विभागणी आजचे नगररचनाकार नकाशावर रंग भरून दाखवितात, ती मराठी खेड्यानें दोन शब्दांत केव्हांच करून ठेवली होती. ते शब्द म्हणजे काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्या मातीचीं घरें पडावीं, त्याच जागीं पुन्हां उठावीं, चुलींची राख व जनावरांचें शेण त्यांत मिसळत जावें, ह्यामुळें गांवाखालची माती पांढुरकी होते, व कित्येक ठिकाणीं गांव आसपासच्या शेतांहून हातभर उंच दिसतें. ही विभागणी केवळ रूढीची नव्हती. कापसाची काळी जमीन पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावर उभी केलेली भिंत चार वर्षें सरळ राहत नाहीं. जी जमीन पिकाला उत्तम ती घराला वाईट, हें ज्ञान काळी-पांढरी ह्या जोडशब्दांत सांठविलेलें आहे. हल्लींच्या नियमांना असें भूमीचें कारण क्वचितच सांगतां येतें.

पांढरीच्या आंतही बारीक नियम होते. कडब्याच्या गंजी व खळीं वस्तीबाहेर खळवाडींत असत, कारण वैशाखांत एका घरची ठिणगी दहा घरें खाई. पागोळ्या शेजाऱ्याच्या अंगणांत पडतां कामा नयेत, ह्यावरून जेवढीं भांडणें झालीं असतील तेवढीं बांधावरूनही झालीं नसतील. वळचण किती पुढें यावी, शेजाऱ्याच्या भिंतीला मेढ टेकवावी कीं नाहीं, गुरांचें मूत कोणत्या वाटेनें जावें, ह्या गोष्टी पाटील व चार जाणते लोक पारावर बसून मिटवीत. कागद नव्हता, नकाशा नव्हता. पण परवानगी नव्हती असें म्हणतां येणार नाहीं. शिवाय ह्या पारावर सर्वांना सारखी जागाही नव्हती. गांवकुसाबाहेर ज्यांना राहावें लागे त्यांचा कोठा कोठें असावा, हें ठरवितांना त्यांना विचारण्याची रीत नव्हती. जुन्या व्यवस्थेचे गोडवे गातांना ही बाजू विसरणें बरें नव्हे.

इ. स. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें, आणि पुढील दहा वर्षांच्या आंत मुंबई इलाख्यांतील पद्धतीची मोजणी ह्या प्रांतांत सुरू झाली. प्रत्येक शेताला नंबर मिळाला, हद्दीचे दगड बसले, आणि गांवठाण ही नकाशावरील एक आंखलेली जागा झाली. आजचा यवतमाळ जिल्हा प्रथम आग्नेय वऱ्हाड व नंतर वणी जिल्हा ह्या नांवानें ओळखला जाई; १९०५ सालीं पुसद तालुका त्यांत आला व जिल्ह्याला यवतमाळ हें नांव मिळालें. काळी-पांढरीची रेघ जी पूर्वीं लोकांच्या ध्यानांत होती ती आतां तलाठ्याच्या दप्तरांत गेली.

ह्या बदलाचा कोठ्यावर काय परिणाम झाला? मुंबईच्या १८७९ च्या जमीनमहसूल कायद्यांत एक कलम होतें. शेतीसाठीं धारण केलेल्या जमिनींत खातेदारानें शेतीच्या इमारती उभाराव्या, विहिरी व तळीं खणावीं, जमिनीच्या सुधारणा कराव्या. त्यासाठीं कोणाला विचारावयास नको. तीच जमीन दुसऱ्या कोणत्याही कामाला लावावयाची असल्यास मात्र कलेक्टरची परवानगी हवी; आणि अर्ज केल्यापासून तीन महिन्यांत कलेक्टरानें उत्तर दिलें नाहीं तर परवानगी मिळाली असें समजावें. वऱ्हाडचा स्वतंत्र महसूल कायदा १८९६ चा व त्याच्या जागीं आलेला १९२८ चा. वऱ्हाडची सगळी महसूल-व्यवस्था मुंबईच्या सांच्यांतून काढलेली असल्यामुळें ह्या विचाराची छाप येथेंही होती. बैलांचा कोठा हा शेतीचा भाग, म्हणून मोकळा. त्याच कोठ्यांत कापूस वेचणाऱ्या बायांना चहा विकण्याचें दुकान काढलें कीं जमिनीचा उपयोग बदलला, बिनशेती सारा आला. वास्तु तीच, मेढी त्याच; आंत काय चालतें त्यावरून तिची जात ठरते. मोजणीदारांनीं जमीन मोजली खरी, पण ह्या कलमानें मोजला तो धन्याचा हेतु, आणि हेतु मोजण्याला सांखळी पुरत नाहीं. तेव्हांपासून आजतागायत ह्या विषयांतले बहुतेक तंटे ह्याच जागीं अडतात.

तथापि खेड्यांतल्या शेतकऱ्याला हें कलम फारसें जाचलें नाहीं. त्याला जाचलें तें जंगल. यवतमाळ जिल्हा हा सागाचा आणि बांबूचा मुलूख. मेढीला ऐन किंवा धावडा, आड्याला साग, वाशांना बांबू, छपराला गवत, बांधावयाला पळसाच्या मुळ्यांचा वाख; कोठा बाजारांतून विकत आणावयाची वस्तूच नव्हती. ती रानांतून आणावयाची होती. रान गांवाचें होतें असें कागदावर कोठें लिहिलेलें नव्हतें, पण तें गांवाचें नाहीं असेंही कोणी म्हणत नव्हतें. शेजारच्या मध्यप्रांतांत ह्या हक्काला निस्तार हा एक चांगला शब्द आहे. निस्तार म्हणजे नड भागविणें. घरापुरतें लांकूड, जळणापुरत्या काटक्या, छपरापुरतें गवत, गुरांपुरती चराई, विकण्यासाठीं नव्हे.

इंग्रजी अमलांत वऱ्हाडच्या सरकारी जंगलांचे तीन वर्ग पाडण्यांत आले. पहिला इमारती लांकडासाठीं व जळणासाठीं राखलेला, दुसरा गवताच्या रमण्यांचा व बाभूळबनांचा, तिसरा चराईचा. व्यवस्थेच्या दृष्टीनें ही विभागणी अक्कलहुशारीची होती. तिच्यामुळें पुष्कळ साग वांचला, हें कबूल केलें पाहिजे. कारण रेल्वेचे रूळ आणि शहरांची भूक वाढत असतांना निर्बंध नसते तर डोंगर बोडके व्हावयास वेळ लागला नसता. पण ह्या व्यवस्थेंत कुणब्याची नड ही हक्काची बाब न राहतां मेहेरबानीची झाली. गवताच्या भाऱ्याला पैसे, चराईला जनावरामागें पैसे, आणि पासावांचून सांपडल्यास दंड. १९२७ च्या भारतीय जंगल कायद्यानें राखीव जंगलांतून जंगलाचें उत्पन्न नेणें हा गुन्हा ठरविला. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पांचशें रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. गवतही त्या उत्पन्नांतच मोडतें. कोठ्याला परवाना नको होता. कोठ्याच्या छपराला हवा होता.

१९३० सालीं गांधींनीं दांडीला मीठ उचललें तेव्हां मध्यप्रांत-वऱ्हाडच्या पुढाऱ्यांपुढें एक अडचण उभी राहिली. येथें समुद्र नाहीं. कायदा मोडावा तर कोणता? जो सर्वांना रोज बोंचतो तोच. लोकनायक माधव श्रीहरी अणे हे वणीचे, वकिलीनिमित्त यवतमाळास राहिलेले, आणि ह्या भागांतील शेतकऱ्याची नाडी ओळखणारे. त्यांच्या नेतृत्वाखालीं १० जुलै १९३० रोजीं पुसद येथें राखीव रानांत विळे घेऊन गवत कापण्यांत आलें. अण्यांना अटक झाली व शिक्षा झाली. त्याच महिन्यांत यवतमाळजवळच्या रानांत दुसऱ्या एका तुकडीनें असाच सत्याग्रह केला. तींत नागपूरचे डॉ. केशव बळीराम हेडगेवार होते व त्यांनाही कारावास भोगावा लागला. वऱ्हाडांतील विळ्यांचें हें लोण महाराष्ट्रभर पसरलें. त्याच वर्षीं २५ सप्टेंबरला कुलाबा जिल्ह्यांतील चिरनेर येथें जंगल सत्याग्रहाच्या वेळीं गोळीबार झाला व माणसें मेलीं.

येथें एक बारीकशी गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. जुलैमधलें गवत शाकारणीच्या कामाचें नसतें. छपराचें गवत पावसाळा सरल्यावर, काडी पिकून पिवळी झाली म्हणजे कापावयाचें असतें. कोंवळें हिरवें गवत छपरावर घातलें तर कुजून जाईल. पुसदच्या रानांत त्या दिवशीं कापलेल्या गवतानें कोणाचाही कोठा शाकारला गेला नसणार. सत्याग्रहींना हें ठाऊक होतें आणि फॉरेस्ट गार्डलाही ठाऊक होतें. प्रश्न गवताचा नव्हता. गवताला हात लावण्यापूर्वीं कोणाकडे पाहावयाचें, हा होता.

खेड्यांत प्रश्न रानाचा, तर शहरांत आगीचा. गवती छपरांची धास्ती फार प्राचीन आहे. कौटिल्यानें आपल्या अर्थशास्त्रांत नगराच्या अधिकाऱ्याला सांगितलें आहे कीं उन्हाळ्यांत गवताचीं व चटयांचीं आच्छादनें काढून टाकवावीं. त्याच ग्रंथाच्या धर्मस्थीय नांवाच्या भागांत घरांमधील अंतर, पाण्याचा निचरा, उकिरड्याची जागा ह्यांविषयीं नियम व दंड आहेत. आजच्या बांधकाम-नियमावलीचा खरडा काढणाऱ्यांनीं तें प्रकरण वाचलें असेल असें वाटत नाहीं. तरी दोहोंतलें साम्य पाहून गंमत वाटते. भिन्न काळच्या माणसांना त्याच गोष्टींचें भय वाटलें, म्हणजे तेच नियम सुचतात. मुंबईच्या किल्ल्यांत १७ फेब्रुवारी १८०३ रोजीं लागलेल्या आगीनें शहराचा मोठा भाग जळाला, व त्यानंतर दाट वस्तीविषयीं सरकारचे डोळे उघडले.

यवतमाळ हें जिल्ह्याचें ठाणें. विसाव्या शतकाच्या आरंभींच्या काळांत मूर्तिजापुराहून लहान मापाची आगगाडी तेथें आली आणि कापसाचा व्यापार वाढला. जेथें कापूस तेथें जिनिंग, जेथें जिनिंग तेथें रुईच्या गंजी, आणि जेथें रुईच्या गंजी तेथें गवती छप्पर म्हणजे दारूच्या कोठारावर चूल मांडण्यासारखें. ह्याच सुमारास प्लेगनेंही महाराष्ट्र व वऱ्हाड हलवून सोडलें होतें. १८९६ सालीं तो मुंबईंत दिसला, १८९८ सालीं तेथें सुधार मंडळ स्थापन झालें, आणि कोंदट खोल्या, अरुंद बोळ, परसांत खेंटून बांधलेल्या छपऱ्या ह्या सरकारी अहवालांतील वाईट शब्द बनले. गंमत अशी कीं प्रत्यक्ष प्लेग आला म्हणजे गांवोगांव लोक घरें सोडून माळावर जात, व तट्ट्यांच्या आणि गवताच्या झोंपड्यांत राहत. ज्या छपऱ्या गांवांत रोगट ठरत, त्याच गांवाबाहेर औषध ठरत. अंतर आणि मोकळी हवा, एवढेंच काय तें त्यांच्यांत निराळें होतें. आणि बाजूला व मागें जागा मोकळी सोडण्याचा जो नियम आज घरमालकाला सर्वांत जाचक वाटतो, त्याचें मूळ ह्याच अनुभवांत आहे.

१९२२ सालीं मध्यप्रांताचा नगरपालिका कायदा झाला व तो वऱ्हाडासही लागू करण्यांत आला. बांधकामापूर्वीं कमिटीला लेखी कळवावयाचें, ही रीत त्यानें शहरांत रुळविली. घरमालकांची पहिली तक्रार अशी कीं कोठा ही कांहीं इमारत नव्हे. कायदा करणाऱ्यांना ही पळवाट ठाऊक होती. मुंबईच्या १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्यानें इमारत ह्या शब्दांत झोंपडी व छपरी आधींच घालून ठेवली होती, मग तींत माणूस राहो वा न राहो. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपालिका कायद्यानें ती व्याख्या आणखी रुंद केली. घर, बाहेरची खोली, तबेला, शेड, झोंपडी. मग ती दगडाची असो, विटांची, लांकडाची, मातीची किंवा धातूची असो. ओटे व पायऱ्यासुद्धां त्यांतून सुटल्या नाहींत. बोलीभाषेंत इमारत म्हणजे कांहीं भव्य वस्तु. कायद्याच्या भाषेंत तुराट्यांचा कूडही इमारतच.

दुसऱ्या महायुद्धानें एक चौथा परवाना निर्माण केला. तोंपर्यंत गवताची जागा नळीदार पत्र्यानें घेण्यास सुरुवात झाली होती. पत्र्याला आग लागत नाहीं, दर वर्षीं शाकारणी नको, म्हणून नगरपालिकाही खूष. इतक्यांत १९४१ सालीं लोखंड व पोलाद ह्यांवर नियंत्रणाचा हुकूम निघाला, आणि परमिटावांचून पत्रा मिळेनासा झाला. गवताला जंगलखात्याचा पास, पत्र्याला पुरवठा खात्याचें परमिट. उन्हातान्हांत उभ्या असलेल्या बैलाला हा भेद कळण्याचें कारण नव्हतें.

स्वातंत्र्यानंतर कायद्यांचीं नांवें पुष्कळ वेळां बदललीं. मध्यप्रदेशाचा १९५४ चा महसूल कायदा वऱ्हाडांत आला. १९५६ सालीं विदर्भ मुंबई राज्यांत गेला. १९६० सालीं महाराष्ट्र झाला. आणि १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल कायदा १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलांत आला. ह्या सगळ्या उलथापालथींत शेतकऱ्याच्या कोठ्याची मूळ मोकळीक टिकून राहिली, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. अवजारें, खत, वैरण किंवा पीक सांठविण्यासाठीं, गुरांच्या निवाऱ्यासाठीं, खातेदाराच्या कुटुंबाच्या वा नोकरांच्या राहण्यासाठीं जी वास्तु शेतांत उभारावयाची ती शेतीची इमारत, अशी आजही कायद्याची व्याख्या आहे. परंतु शहरें पसरूं लागलीं, आणि शेतीची इमारत ह्या नांवाखालीं बंगले उठूं लागले. तेव्हां शहरांत व शहरांच्या भोंवतालच्या पट्ट्यांत अशा इमारतीसाठीं कलेक्टरची पूर्वपरवानगी आवश्यक करण्यांत आली, आणि ०.४ हेक्टर अथवा त्याहून लहान शेताला तेथें परवानगीच नाहीं असें ठरलें. बंगलेवाल्यांना अडविण्यासाठीं टाकलेला हा आडणा अर्थातच त्यांना कमी अडवितो. खरोखर अडतो तो शहराच्या वेशीवर अर्धा-पाऊण एकर भाजीपाला करणारा माळी. त्याच्याजवळ बैलजोडी असते, आणि बंगल्याचा विचार त्याच्या स्वप्नांतही नसतो.

शहराच्या आंत १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा लागू आहे. त्यांत एक बारकावा आहे. राहत्या घराशीं संलग्न अशी जी इमारत किंवा जमीन आधींपासून आहे, तिचा घरगुती कारणासाठीं उपयोग करण्यास परवानगी लागत नाहीं. पण नवें कांहीं उभारणें हा विकास, आणि विकासाला परवानगी हवी. म्हणजे परसांतल्या जुन्या कोठ्यांत लांकडें भरा, कोणी विचारणार नाहीं. त्याच्या शेजारीं नवीन उभारला कीं विचारतील. डिसेंबर २०२० पासून बृहन्मुंबई व कांहीं मोजकीं क्षेत्रें वगळून राज्याला एकच बांधकाम-नियमावली लागू झाली, व तींत १५० चौरस मीटरपर्यंतच्या लहान भूखंडावरील घराची वाट पुष्कळ सुकर केली आहे. नकाशा व शुल्क सादर करून कळविलें कीं काम सुरू करतां येतें. सोडावयाच्या मोकळ्या जागेचे नियम मात्र तेथेंही पाळावेच लागतात. पागोळ्यांचें भांडण पारावरून नियमावलींत गेलें, एवढेंच.

खेड्यांत १९५८ च्या कायद्यानें बांधकामाच्या परवानगीचा अधिकार ग्रामपंचायतीकडे दिला. पारावरचे चार जाणते आतां निवडून यावे लागतात, व त्यांत बायकाही असतात. रानाच्या बाबतींत २००६ च्या वनहक्क कायद्यानें निस्तार हा शब्दच सामूहिक हक्क म्हणून कायद्यांत लिहिला. पुसदच्या सत्याग्रहानंतर ह्या एका शब्दाला तेथवर पोहोंचावयाला शाहत्तर वर्षें लागलीं. आणि २०१७ सालीं जंगल कायद्यांतील झाड ह्या शब्दाच्या व्याख्येंतून बांबू वगळण्यांत आला, त्यामुळें स्वतःच्या परसांत लावलेलें बेट तोडून त्याचे वासे करण्याच्या आड ती व्याख्या येत नाहीं. सागाचें तसें नाहीं. तो स्वतःच्या बांधावर, स्वतःच्या आजोबांनीं लावलेला असला तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखालीं येतो; आणि कोठ्याच्या आड्यासाठीं तो तोडावयाचा झाल्यास यवतमाळच्या शेतकऱ्याला कुऱ्हाड उचलण्यापूर्वीं अर्ज करावा लागतो.